जागा आधी ठरवा, खड्डा नंतर खणा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. तुम्ही बेळगावात अनगोळला भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहता. १३ वर्षांची लॅब्रेडॉर, सोनी, वजन ३२ किलो. दोन्ही किडन्या गेल्यात आणि डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस सांगितलेत. बाहेर जुलैचा पाऊस. सासरचं शेत खानापूरच्या अलीकडे आहे, पण सासूबाई म्हणतात, ‘कुत्रं शेतात नको.’ घरात सात वर्षांचा मुलगा आणि एक छोटी गावठी कुत्री. शेवटी तुम्ही म्हणता, ‘ती अजून माझ्याकडे बघतेय आणि मी हे विचारतेय, याचीच लाज वाटते.’

लाज वाटून घेऊ नका. मी ३० वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. पहिली निम्मी वर्षं गाई-म्हशींत गेली आणि नंतरची बेळगावातल्या कुत्र्या-मांजरांत. ज्या घरांनी हे आधी बोलून ठेवलं होतं, त्या घरांत शेवटच्या दिवशी माणसं कुत्र्याजवळ बसलेली असतात. ज्यांनी नाही, तिथं कुत्रं एका खोलीत असतं आणि घरातला प्रत्येकजण रात्री दोन वाजता फोनवर कुदळ, गाडी आणि जागा शोधत असतो.

पहिलं काम जागेचं. ते या रविवारीच उरका, नवऱ्याला घेऊन शेतावर जा. या दिवसांत आपल्याकडे जमीन दोन प्रकारची असते, भाताचं शिवार आणि माळ. भाताच्या जमिनीत आत्ता हातभर खणलं की पाणी लागतं. पाण्यात पुरलेलं शरीर मातीत लवकर मिसळत नाही, पोटात वायू धरून वर उचललं जातं, आणि तेच पाणी झिरपत खालच्या विहिरीकडे जातं. म्हणून माळाची बाजू बघा, उताराच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाचं पाणी थांबत नाही. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून निदान १०० फूट तरी लांब. खानापूरच्या बाजूला कुठंकुठं दोन फुटांवर जांभा लागतो आणि कुदळ नुसती वाजते. तेव्हा दोन-तीन ठिकाणी पहार मारून बघा, खाली मुरूम आहे की दगड. ही पहार आज मारली तर दहा मिनिटांचं काम आहे. सोनी गाडीत असताना मारावी लागली तर तो दिवस तुम्ही विसरणार नाही.

खोली किती? शरीरावर कमीत कमी ३ फूट माती आली पाहिजे. सोनीच्या अंगाला म्हणजे साडेचार फूट खोल, साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद खड्डा. ऐकायला जास्त वाटतं. मलाही वाटायचं. प्रायव्हेट प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी वडगावच्या बाजूला एका घरचा जर्मन शेफर्ड गेला. संध्याकाळची वेळ, वरून पाऊस, खड्ड्यात पाणी भरत होतं, खणणारे दोघे दमलेले. मीच म्हणालो, ‘दोन फूट पुरे झालं, वर दगड ठेवा.’ सकाळी सात वाजता त्या घरातून फोन आला. रात्रीत मोकाट कुत्र्यांनी माती उकरली होती. मी पोतं घेऊन गेलो आणि दुसऱ्या जागी नीट खोल पुरलं, पण घरच्यांनी जे बघायचं ते बघितलं होतं. त्या घरानं मला परत कधी बोलावलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता महत्त्वाचं म्हणजे जागा आधी ठरवा, पण खड्डा आधी खणून ठेवू नका. या पावसात उघडा खड्डा एका रात्रीत भरतो, कडा ढासळतात, आणि एखादी म्हैस किंवा पोर पडलं तर वेगळंच निस्तरावं लागतं. त्याऐवजी दोन माणसं सांगून ठेवा. सध्या रोप लावणीचे दिवस आहेत, ऐन वेळी मजूर मिळत नाही. ‘फोन केला की त्या दिवशी यायचं’ एवढं आत्ताच बोलून थोडे पैसे हातावर ठेवा. जेसीबीचा विचार डोक्यात आला असेल तर तो चिखलात रुतणार आणि बांधही तोडणार. कुदळ, पहार, खोरं, दोन बुट्ट्या, पाणी उपसायला बादली, एवढं शेतातल्या खोपीत नेऊन ठेवा.

मिठाबद्दल तुम्ही विचारलंय. आपल्याकडे कुत्रं पुरायला निघाले की कोणीतरी वाटेत थांबून जाड्या मिठाची पाच-दहा किलोची पिशवी घेतंच. त्यानं लवकर माती होते असा समज आहे. पण लोणच्यात आपण मीठ कशासाठी घालतो? टिकावं म्हणून. मिठानं कुजणं लांबतं आणि आजूबाजूची माती झाडांच्या कामाची राहात नाही. चुन्याचंही थोडं तसंच आहे, वास आणि माशा कमी होतात, पण शरीर लवकर विरघळतं हे खरं नाही. घरातल्या मोठ्यांचं समाधान म्हणून एक मूठ टाकली तर माझी काही हरकत नाही. पिशवी ओतू नका. उकरणारी जनावरं रोखायचं काम माती करते, आणि मातीला मदत हवी असेल तर खड्डा अर्धा भरल्यावर चपटे दगड किंवा फुटके चिरे पसरा, त्यावर बाभळीच्या फांद्या, मग परत माती. कुत्री, डुकरं, कोल्हे, यांतलं कोणी त्याच्या खाली जात नाही.

गुंडाळायला सुती कापड घ्या. जुनी सुती साडी, धोतर, पातळ चादर. प्लास्टिकची पिशवी, रेक्झिन, नायलॉनचं ब्लँकेट खड्ड्यात जाऊ देऊ नका, त्यात शरीर वर्षानुवर्षं तसंच अडकून राहतं. जाडजूड वाकळही नको, ती पाणी धरून ठेवते. पट्टा काढून घ्या. बहुतेक लोक तो नंतर मागतात आणि तोपर्यंत तो खाली गेलेला असतो.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, आधी त्यांना नेमकी कशाची अडचण आहे ते विचारा. मी ऐकलेल्या अडचणी साधारण तीन. नांगराला हाडं लागतील, ही पहिली आणि अगदी रास्त. त्याला उपाय सोपा आहे, वहीत जमिनीत पुरायचंच नाही. बांधाच्या कडेला, जिथं नांगर कधी वळत नाही, तिथं जागा धरायची. दुसरी, पीक बाटेल. १०० फुटांच्या आत विहीर नसेल आणि खोली नीट असेल तर पिकाला काही होत नाही, मेलेलं वासरू शेतात पुरतो त्याहून हे वेगळं नाही. तिसरी सुतकाची. त्यावर मी काही बोलत नाही, मी डॉक्टर आहे, भटजी नव्हे. एक मात्र सांगतो, आपल्या भागात ‘आपल्यात जाळतात, पुरत नाहीत’ असं मराठा घरांत पुष्कळदा ऐकू येतं आणि शेजारच्या लिंगायत घराला त्यात काहीच वावगं वाटत नाही, कारण त्यांच्यात माणसालाही मातीच देतात. मग कोणीतरी म्हातारी आठवण करून देते की आपल्यातही लहान लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. तिथं बहुतेक वेळा वाद संपतो.

सासूबाईंना शंका असेल की कुत्र्याला कुठं कोणी मान देतं का, तर दोन गोष्टी सांगा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. आणि आपल्याच कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यात आतकूर इथं इसवी सन ९४९ च्या सुमाराचा शिलालेख सापडला, ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचा. रानडुकराशी झुंजताना ते मेलं, म्हणून धन्यानं दगड उभा केला, जमीन लावून दिली, आणि त्या दगडाची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्यानं जेवायचं नाही असं कोरून ठेवलं. हजार वर्षांपूर्वी! तुम्ही तर नुसती बांधाकडची चार हात जागा मागताय.

एक गोष्ट मात्र सासूबाईंच्याही आधी बघा. जमिनीच्या कागदावर, म्हणजे उताऱ्यावर, कोणाकोणाची नावं आहेत? जमीन दिरांत सामाईक असेल तर त्यांना एक फोन करा. उद्या वाटणी झाली, तो बांध दुसऱ्याकडे गेला आणि तिथं घराचा पाया खणायला काढला तर काय होईल याचा विचार आत्ताच केलेला बरा. आणि शेताला लागून जंगल असेल तर ‘तिकडं जरा आत पुरू’ हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. ती वनखात्याची जमीन आहे, आणि पाळीव कुत्र्यांचे काही रोग रानातल्या कोळसुंद्यांना (रानकुत्र्यांना) आणि कोल्ह्यांनाही होतात.

समजा शेताचं जमलंच नाही. मग शहरातली वाट. मेलेलं जनावर उचलून त्याची विल्हेवाट लावणं हे महानगरपालिकेचं काम आहे, तो काही उपकार नाही. तुमच्या वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकाचा नंबर आजच मिळवून फ्रिजवर चिकटवा. फोनवर समोरचा माणूस कन्नड बोलणारा निघाला तर ‘नम्म नायी सत्तु होगिदे’ (आमचं कुत्रं मेलंय) एवढं वाक्य पुरतं, पुढं तो मोडक्या मराठीत आणि तुम्ही मोडक्या कन्नडमध्ये, बेळगावात सगळं असंच चालतं. मात्र तीन गोष्टी आधी स्पष्ट विचारून घ्या. गाडी किती वाजेपर्यंत येते, कुठं नेऊन पुरतात, आणि आम्ही बरोबर आलो तर चालेल का. काही घरांना दारातूनच निरोप देणं सोसतं, काहींना नंतर ‘कुठं टाकलं असेल’ हा विचार सोडत नाही. तुम्ही कोणत्यातल्या आहात ते तुमचं तुम्हाला माहीत. कॅम्पात कँटोन्मेंटच्या हद्दीत राहणाऱ्यांनी बोर्डाकडे जायचं, महानगरपालिकेकडे नाही. खेड्यात असाल तर पंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारायचं, तिथं गायरानात जागा मिळते का बघायचं.

काय करू नये ते पटकन सांगतो. घंटागाडीत पोतं बांधून देऊ नका. लेआउटमधल्या रिकाम्या साईटवर रात्री गुपचूप पुरू नका, ती कोणाची तरी आहे आणि तिथं कधी ना कधी पाया खणला जाणार. बळ्ळारी नाल्याच्या काठचं शिवार तर नकोच, तिथं दरवर्षी पाणी चढतं. मार्कंडेय नदी, मलप्रभा नदी, जुनी पडकी विहीर, यांत काही सोडणं म्हणजे खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात सोडणं.

जाळण्याबद्दलही लोक विचारतात. बेंगळूरला सुमनहळ्ळीत प्राण्यांसाठी विद्युतदाहिनी आहे, पण ती इथून ५०० किलोमीटर. रात्रभर गाडीत मृत कुत्रं घेऊन जाण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. शेतात लाकडं आणि शेणी रचून जाळणं उन्हाळ्यात जमतं, तेही चिता रचायची सवय असलेला माणूस असेल तर. लोकांना वाटतं कुत्रं लहान म्हणून थोडी लाकडं पुरतील. पुरत नाहीत. आणि या पावसात ओल्या लाकडावर जे अर्धवट उरतं ते परत पुरावंच लागतं. सोनीसाठी माती हीच वाट बरी.

आता तो दिवस. किडनीच्या शेवटच्या अवस्थेत कुत्रं थंड पडतं, हाका मारून उठत नाही, श्वास मिनिटाला पाच-सहा वर येतो. काही वर्षांपूर्वी एका घरातून मला फोन आला, ‘गेला डॉक्टर.’ मी दुसऱ्या गावी होतो, फोनवरच हळहळ व्यक्त केली आणि पुढचं सांगून टाकलं. तासाभरानं परत फोन, चादरीत गुंडाळताना त्यानं मान हलवली होती. तो त्या रात्री उशिरा गेला. तेव्हापासून मी फोनवर ‘गेला’ हा शब्द स्वीकारत नाही. डाव्या कोपराच्या मागं छातीवर तळहात ठेवा, पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. ठोका नाही, छाती हलत नाही, आणि डोळ्याच्या बुबुळाला कापसाची वात हळूच लावली तर पापणी हलत नाही. तिन्ही असेल तरच. जवळचा डॉक्टर येऊन बघू शकला तर उत्तमच.

त्यानंतर काही गोष्टी घडतात त्या आधी माहीत असाव्यात. एक-दोन मोठे उसासे येऊ शकतात, पायाची कातडी थरथरते, लघवी-शी सुटते. डोळे उघडे राहतात, मिटवले तरी परत उघडतात. यातलं काहीही ती परत येतेय किंवा तिला दुखतंय याची खूण नाही. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ‘आई, सोनीनं श्वास घेतला’ म्हणून ओरडेल आणि तुमचा धीर सुटेल.

दोन ते चार तासांत अंग ताठ होतं. त्याच्या आत तिला झोपल्यासारखं करून घ्या. पाय पोटाशी, मान आत, शेपटी कडेला. हे नुसतं बरं दिसावं म्हणून नाही. चारही पाय ताणून ताठ झालेली ३२ किलोची लॅब्रेडॉर तुमच्या जिन्याच्या वळणावरून उतरत नाही, गाडीच्या डिकीत मावत नाही आणि खड्डा दीडपट मोठा लागतो. तोंडाखाली आणि शेपटीखाली जुना टॉवेल दुमडून ठेवा. तोंडातून, नाकातून पाणी येत राहतं, कधी लालसर. डोकं थोडं उंच ठेवलं की कमी येतं.

गोचीड! हे कोणी सांगत नाही. अंग थंड झालं की गोचीड तिला सोडून भिंतीवर, सोफ्याखाली आणि तुमच्या दुसऱ्या कुत्रीवर चढतात. तिला पांढऱ्या चादरीवर ठेवा म्हणजे दिसतील, आणि छोटीला त्या रात्री जवळ झोपू देऊ नका. वास घेऊ द्या, एकदा नीट घेऊ द्या, मग दुसऱ्या खोलीत. नंतर दोन-चार दिवस ती कमी खाईल, दाराशी बसेल. आठवड्याच्या पुढं तसंच राहिलं तर मला दाखवा, कारण शोक आणि गोचीडताप यांची सुरुवात सारखीच दिसते.

किती वेळ ठेवता येतं? आपल्या जुलैच्या गारव्यात, फॅनखाली, फरशीवर, १० ते १२ तास अडचण नाही. एप्रिल-मे असता तर सहा तासांच्या आत हला असं सांगितलं असतं. आजच पाण्याच्या चार बाटल्या फ्रीझरला टाका. त्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी, जांघेत, काखेत आणि मानेखाली लावल्या की वेळ दुप्पट मिळतो. सुटा बर्फ नको, सगळं ओलं होतं. पोट आधी फुगतं, म्हणून थंडावा पोटाला आधी. रात्री गेली तर सकाळ होऊ द्या. अंधारात, पावसात, शेतात खणायला जाऊ नका. घोणस आणि फुरसं या दिवसांत बांधावरच असतात, आणि खानापूरच्या बाजूला अस्वलही काही नवीन नाही.

उतरवताना जाड चादरीचे चार कोपरे चार माणसांनी धरायचे, डोक्याकडची बाजू वर. गाडीत खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर चादर. कागद शेतावर काढून घरी परत आणायचा. घरमालकाला सकाळी दोन शब्द सांगा, जिन्यात भेटल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं. जिना आणि फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसा. सोनीची लेप्टोची (लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) लस चुकली असेल तर तिच्या लघवीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. भातशेतीत हा रोग आपल्याकडच्या माणसांनाही होतो, आणि किडनी बिघडण्याचं ते एक कारण असतं.

आता शांतपणे जाऊ देणाऱ्या इंजेक्शनचं. तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. ती पाणीसुद्धा पोटात ठेवत नसेल, तोंडात फोड आले असतील, उठून लघवीला जाता येत नसेल, तर वाट बघण्यात तिचं भलं नाही. घरी येऊन करता येतं. आधी झोपेचं औषध देतो, ती घोरायला लागते, मग शिरेतून दुसरं, आणि बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत संपतं. तुम्ही सही केलेला एक कागद लागतो. दिवस निवडता येतो हा याचा व्यवहारी फायदा, कोरडी सकाळ, मजूर हजर, नवरा सुट्टीवर. मला यात काही वाईट वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. फक्त एक ध्यानात ठेवा. भूल देणारं ते औषध शरीरात राहतं. असं शरीर उथळ पुरलं किंवा उघड्यावर टाकलं तर ते खाणारी घार, कावळा, कोल्हा, कुत्रं, सगळी मरू शकतात. तेव्हा खोलीत अजिबात सूट नाही, आणि महानगरपालिकेच्या माणसाला द्यायचं झालं तर इंजेक्शननं गेली हे त्याला सांगायचं.

सोनीला हे लागू नाही, पण तुमच्या गल्लीत कोणाला लागू असेल म्हणून लिहितो. कुत्रं वागणं बदलून, लाळ गळत, चावत सुटून, किंवा कोणाला चावल्यापासून १० दिवसांच्या आत मेलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. उघड्या हातानं शिवू नका, तोंड पुसू नका, घाईनं पुरूही नका. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेंदूच्या नमुन्यावरूनच रेबीज पक्कं कळतं, ती तपासणी बेंगळूरला हेब्बाळच्या व्हेटर्नरी कॉलेजात होते, आणि पुरून टाकलं की नमुना गेला. ज्याला चावलं, ओरखडलं किंवा ज्याच्या जखमेला लाळ लागली त्यानं साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सिव्हिलला जायचं. तपासणीच्या निकालाची वाट बघत लस थांबवायची नाही.

तसंच लसीविना पिल्लू पार्व्होनं (उलट्या-जुलाबाच्या विषाणूरोगानं) गेलं असेल तर त्या घरात नवीन पिल्लू वर्षभर आणू नये, तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पुढचं मोठं, लस पूर्ण झालेलं कुत्रं असेल तर तेवढी भीती नाही.

कागदपत्रांचं काम थोडं आहे. डॉक्टरांकडून लेटरहेडवर मृत्यूची चार ओळींची नोंद घ्या. विमा असेल तर कंपनीला पुरण्याच्या आधी कळवायचं, फोटो काढायचा, चिपचा नंबर लिहून घ्यायचा. काही कंपन्या पोस्टमॉर्टेम मागतात आणि पुरल्यावर ते होत नाही. महानगरपालिकेचा परवाना काढला असेल तर तो रद्द करायला अर्ज. कोल्हापूरला उपचाराला नेलेलं कुत्रं तिकडेच गेलं आणि इकडे आणायचं असेल तरी हीच चिठ्ठी खिशात ठेवा, राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर कोणी डिकी उघडायला लावली तर बोलणं सोपं जातं. उरलेली सलाईनची बाटली, सुया, इंजेक्शनं कचऱ्यात टाकू नका, ज्या दवाखान्यातून आणली तिथं परत द्या. सीलबंद गोळ्या दुसऱ्या गरीब कुत्र्याच्या कामी येतात.

मुलाला ‘सोनी गावाला गेली’ असं सांगू नका. तुमचं गाव खानापूरलाच आहे, पुढच्या सुट्टीत तो तिला तिथं शोधेल. गेली, तिचं शरीर चालायचं थांबलं, आता तिला मातीत ठेवायचं, असं सरळ सांगा. यायचं असेल तर बरोबर न्या, मूठभर माती त्याच्या हातून पडू दे. नको म्हणाला तर जबरदस्ती नको.

झाड लावायचं असेल तर थेट वर लावू नका, मुळं कुजतात आणि खड्डा बसतो तसं रोपही कलतं. पुढच्या जूनमध्ये, दोन हात बाजूला, जांभूळ किंवा फणस. आणि त्या दिवशी खणलेली सगळी माती परत आत जाणार नाही, उरेल. ती पसरून टाकू नका. वर ढिगारा करून ठेवा, शिवाय दोन बुट्ट्या बाजूला पोत्याखाली झाका. महिन्याभरात पावसानं जागा हातभर खाली बसेल, तेव्हा नवऱ्याला पाठवून तीच माती वर ओढून घ्यायला सांगा.